राजाने खाली ठेवलेलं धनुष्य

“मॅडम, आदी हातातलं खाली ठिवा.”

दिवसातून एकदा तरी हे वाक्य माझ्या वाट्याला यायचं. हातात सिरिंज असो, फोन असो की चहाचा कप, काका तळहात जमिनीकडे करून दोनदा हलवायचे आणि मी ती वस्तू ठेवेपर्यंत पुढचं बोलायचे नाहीत. शेवगावजवळच्या एका गावात मी जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा काका त्या दवाखान्यात परिचर होते. डिग्री माझ्याकडे होती, अनुभव सगळा त्यांच्याकडे. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्या हाताचा रागच यायचा.

श्रावणात संध्याकाळी मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक निवृत्त गुरुजी ओव्या वाचत आणि काका अर्थ सांगत. राजा आणि दैत्याचं युद्ध. त्यात एका ठिकाणी राजाचे बाण वाया जाऊ लागतात, तो चिडतो, आणखी जोर लावतो. मग भर रणात धनुष्य खाली ठेवतो, डोळ्यांना पाणी लावतो, गुरूला आठवतो. एवढ्या दोन ओव्या, पण काका त्यांवर तासभर बोलत.

“राजा भ्यालेला न्हाई. हात त्याचं ऐकत नव्हता, म्हनून थांबला.”

पुढे बसणाऱ्या एक आजी केवळ दैत्याच्या वधासाठी यायच्या. त्या पुटपुटायच्या, “आरं, मार की आता त्याला. मला भाकरी टाकायच्यात.” काका हसायचे आणि मुद्दाम आणखी दहा मिनिटं लावायचे.

गावाची एक रीत होती. राजाचं धनुष्य जमिनीवर असताना पोथी झाकायची नाही, आणि कुणी उठायचंही नाही.

एका वर्षी नेमका त्याच ओवीला काकांना माझा फोन गेला. मी एका वस्तीवर अडलेल्या म्हशीपाशी होते. रेडकाचे पुढचे पाय बाहेर आले होते, मान मात्र आत मागे वळलेली. माझा हात तिथवर पोचेना. म्हैस ज्यांची होती, त्या बाईंचं घर तेवढ्या एका म्हशीवर चालायचं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी घाबरले. मान सरळ केल्याशिवाय ओढायचं नाही हे पाठ असूनही मी रेडकाच्या पायांना दोर बांधून तो वस्तीवरच्या तिघांच्या हातात दिला आणि स्वतःही ओढू लागले.

काका कुणाच्या तरी मोटारसायकलवरून उतरले ते “सोडा दोर” म्हणतच. मग माझ्याकडे वळले. “मॅडम, आदी हातातलं खाली ठिवा.”

“काका, वेळ नाहीये.” मी रडत होते.

“हाय. येवढा हाय.”

त्यांनी माझ्या हातांवर बादलीतलं पाणी ओतलं, माझा तळवा म्हशीच्या पाठीवर ठेवला. “तिचा दम बगा. दुसरं काय बी करू नका.” म्हशीची पाठ वरखाली होत होती. थोड्या वेळाने माझा हात माझं ऐकू लागला. मग मी रेडकाला हळूच मागे ढकललं, बोटं जबड्यात अडकवली आणि मान सरळ केली. रेडकू जिवंत आलं. म्हैस ते चाटायला लागली, तेव्हा त्या बाई चहा ठेवायला आत गेल्या.

काकांनी चहासुद्धा घेतला नाही. “राजा खोळंबलाय,” म्हणाले.

माझ्या स्कूटरवर आम्ही देवळात आलो. पोथी उघडीच होती आणि सगळे जागच्या जागी बसले होते. आजी भाकऱ्या राहिल्या म्हणून रागाने लाल झाल्या होत्या. काका हातपाय धुऊन बसले. “हां गुरुजी, आता उचलू द्या त्याला धनुष्य.”

यंदा उन्हाळ्यात काका गेले. त्या संध्याकाळबद्दल मी त्यांना कधी काही बोललेच नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. आता अडलेल्या जनावरापाशी मी आधी हात धुते आणि त्याच्या पाठीवर ठेवते. बघणाऱ्यांना वाटतं, मॅडम तपासतायत.

श्रावणात पोथी लागली, पण अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. गुरुजी नुसतं वाचत होते. राजाने धनुष्य खाली ठेवलं आणि गुरुजी न थांबता पुढच्या ओवीत गेले. पुढच्या रांगेतल्या आजींनी तळहात जमिनीकडे करून दोनदा हलवला.

“गुरुजी, थांबा जरा. त्याला दम घेऊ द्या.”

गुरुजी थांबले. माझ्या हातात फोन होता. मी तो खाली ठेवला.