तोंड उघडण्याचे वीस गुण

डेन्झिल टोझरने एकसष्टाव्या वर्षी संगीताची पदवी घेतली. ती त्याला का घ्यावी लागली हे ऐकून शहाणा माणूस हसेल. म्हणून आधी तो काय करत होता ते सांगतो.

सदतीस वर्षं तो आणि मी गावातल्या शिशाच्या भट्टीवर एकाच पाळीला होतो. मी फिटर, तो वितळलेल्या शिशावरची मळी काढणारा. गावाच्या ब्रास बँडमध्ये मी मोठा ढोल वाजवायचो आणि तो कॉर्नेट. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची ठेंगणी बहीण. पाळी सकाळी सातची. त्याआधी डेन्झिल गॅरेजमध्ये उभा राहून अर्धा तास नुसते लांब सूर फुंकायचा. चाल नाही, गाणं नाही. एक सूर, श्वास संपेपर्यंत. मग दुसरा. शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली होती, "गाय अडलीय का त्याची?" अडलेली गाय सदतीस वर्षं ओरडत नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की तो तिथे पोरांना कॉर्नेट शिकवायचा. बावीस वर्षं, फुकट. आमचा अर्धा बँड त्याच खोलीतून आला.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या, लिंडनर बाई. त्यांनी डेन्झिलला बोलावून विचारलं, "मिस्टर टोझर, तुमची संगीतातली पदवी कुठली?"

"माझ्याकडे कॉर्नेट आहे," तो म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. पदवीशिवाय मी तुम्हाला वर्गात उभं करू शकत नाही."

अकरा पोरांची शिकवणी बंद झाली. शाळेचे कॉर्नेट कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं. मी असतो तर बाईंना भट्टीची वाट दाखवली असती. डेन्झिल त्याच वर्षी निवृत्त झाला होता. तो बसने शहरात गेला आणि विद्यापीठात नाव घालून आला.

"लेका, तीन वर्षं?" मी म्हणालो.

"तीन वर्षं कशीही जाणारच आहेत, मर्व्ह. पोरं परत मिळतील."

सोमवारी बसने जायचं, बहिणीकडे राहायचं, शुक्रवारी परत यायचं. वर्गात वीस जण. निम्मे उशिरा यायचे, हातात कॉफी. झेव्हिअर नावाचा एक पोरगा म्हणे, मूड लागला तरच सराव करतो. भट्टीने आमच्या मूडची वाट पाहिली असती तर आतलं शिसं थिजून दगड झालं असतं. ह्या लोकांना श्वासावर चार-चार हजार शब्दांचे निबंध लिहायला लावत. डेन्झिलनेही लिहिला, दोन बोटांनी टाइप करून. मला वाचायला दिला. तीन पानं वाचून मी गवत कापायला गेलो. पन्नास वर्षं नीट श्वास घेणाऱ्या माणसाला श्वासावर निबंध लिहायला लावणं म्हणजे माशाला पोहण्याचा दाखला मागणं.

त्याला मात्र सगळं आवडत होतं. एकदा म्हणाला, "मर्व्ह, इतकी वर्षं मी माझीच ओळ वाजवली. बाकीचे काय करतात ते आत्ता कळलं."

"मला ढोलामागून रोज ऐकू येत होतं," मी म्हणालो.

शेवटची परीक्षा म्हणजे तीन परीक्षकांसमोर चाळीस मिनिटं एकट्याने वाजवणं. मी गेलो होतो. डेन्झिल आला, पाय जुळवले, समोरच्या भिंतीवर नजर ठेवली आणि चारही तुकडे वाजवले. एक सूर सांडला नाही. मग वळला आणि निघून गेला.

एकूण गुण अडुसष्ट. निकाल नापास. कारण 'श्रोत्यांशी बोलणे' या भागात वीसपैकी शून्य, आणि प्रत्येक भागात पास व्हावंच लागतं.

आमच्या बँडच्या स्पर्धेत परीक्षक सभागृहातच एका कापडी तंबूत बसतो. कोण वाजवतंय हे त्याला कळू द्यायचं नसतं. टोपीतून चिठ्ठी काढून क्रमांक ठरतो. मंचावर ज्याने तोंड उघडलं तो बाद. डेन्झिल आठव्या वर्षापासून असाच उभा राहत आला होता.

"बोलायचं असतं हे माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"पाठ केलं होतं रे. उभा राहिलो आणि तोंडच उघडेना."

चार महिन्यांनी फेरपरीक्षा होती. मी म्हटलं, "शुक्रवारी क्लबात मटणाच्या बक्षिसाच्या सोडतीचे आकडे कोण ओरडतं?"

"मी."

"मग तसंच ओरड."

गॅरेजमध्ये सराव सुरू झाला. बंद शिकवणीतली टॅम्सिन रो नावाची बारा वर्षांची मुलगी रोज सायकलवरून यायची, रंगाच्या डब्यावर बसून ऐकायची.

"मिस्टर टोझर, जरा हसा ना!"

"हसलो की ओठ सैल होतात, बाळ."

फेरपरीक्षेत तो म्हणाला, "नमस्कार. मी डेन्झिल टोझर. हा तुकडा संथ आहे. घाई असेल त्यांनी आत्ताच जावं." परीक्षक खूश. वीसपैकी चौदा. वाजवताना या वेळी दोन सूर फसले. ते तिघांपैकी एकालाही कळले नाहीत.

पदवी दाखवल्यावर लिंडनर बाईंनी अभिनंदन केलं आणि कपाट उघडलं. तीन वर्षांत कोणी कॉर्नेटना तेल घातलं नव्हतं. कळा जाम. कुलूप मात्र नियमाप्रमाणे होतं. डेन्झिल दोन आठवडे रॉकेल घेऊन बसला. मग मंगळवार-गुरुवार सुरू झाले. टॅम्सिनने सहा महिने रोज अर्धा तास लांब सूर काढले. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय.

ऑगस्टमध्ये तिची पहिली स्पर्धा. क्रमांक सातवा. ती मंचावर आली, पाय जुळवले, सभागृहाकडे पाहून हसली आणि खणखणीत म्हणाली, "नमस्कार. मी टॅम्सिन रो. हा तुकडा संथ आहे."

तंबूतून घंटा वाजली. बाद. कॉर्नेट ओठांपर्यंतही गेला नव्हता.

मंचावर तोंड उघडायचं नसतं हे बँडमध्ये कोणी कोणाला सांगत नाही. पाणी ओलं असतं हे कोण सांगतं? डेन्झिलनेही सांगितलं नव्हतं. तो मंचाकडे धावला. व्यवस्थापकाला म्हणाला, "हे तिने माझ्याकडून उचललंय. मला बाद करा."

"नियम म्हणजे नियम, डेन."

पोर रडत होती. त्याने तिला मागच्या आवारात नेलं, मोटारींच्या मध्ये उभं केलं आणि तिच्याकडून तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून घेतला. ऐकायला तो आणि मी. एक सूर सांडला नाही.

"छान. आता मंगळवारी गप्प उभं राहायचा सराव," तो म्हणाला.

आत गेलो तर लिंडनर बाई शेजारच्या खुर्चीतल्या बाईला सांगत होत्या, "मुलीचा आत्मविश्वास पाहिलात? पण ती घंटा कशाची हो वाजली?"