फ्लेक्स उतरवला त्या दुपारी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. कितीतरी तपास विसरलो, आरोपींची तोंडंही विसरलो. पण ती एक दुपार आठवली की अजून हातातला चहा तसाच राहतो. लोकांना वाटतं पोलिसाला खून-दरोडे आठवत असतील. मला आठवतो चौकातला एक फ्लेक्स.

तेव्हा मी तिवसा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तिशीतला एक माणूस येऊन उभा राहिला. धामणगाव रेल्वे या गावचा, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मशीन मेकॅनिक. घाम पुसत होता आणि एकच वाक्य परत परत म्हणत होता, "साहेबाशीच बोलाचं हाये."

मी त्याला आत घेतलं. तो बसला. खिशातून मोबाईल काढून त्यानं एक फोटो पुढे केला. आमच्याच चौकातला फ्लेक्स होता. कोपऱ्यात उडतं विमान, मधोमध त्याच्याच कारखान्यातल्या शिलाई विभागातल्या एका ताईचा हसरा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत 'परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा'.

"काल संध्याकाळी गेली साहेब. आज व्हिएतनामले उतरते. मले आज सकाळी कारखान्याच्या ग्रुपवर कळलं. तिले थांबवा, हात जोडतो."

"काहून? नोकरीलाच गेली ना?"

"नोकरी नायी तिथं. मीही गेलो होतो, चार महिन्यामागं. आठ दिवसांत वापस आलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. अकोल्याच्या एका एजंटानं त्याला तिथल्या कपड्याच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा सांगितली होती; ताईला धाडणाराही तोच. हो ची मिन्ह शहराच्या विमानतळावर उतरला, तर बाहेर एक माणूस त्याच्या नावाची पाटी धरून उभा. त्यानं आधी पासपोर्ट मागून घेतला आणि काळ्या काचांच्या बंद गाडीकडे नेलं. "मले बंद गाडी लागते साहेब, लहानपणापासून. खिडकी उघडा म्हटलं, त्यानं आत ढकललं. तिथंच माह्या पोटातलं सारं वर आलं, त्याच्या बुटावर. तो शिव्या देत मागं सरला, पासपोर्ट खाली पडला. मी उचलला अन् पळालो. पहिली दिसली त्या बसमध्ये चढलो. गाडीतले दोन मानसं हिंदीत बोलत होते, मी ऐकलं होतं. म्हणे, संध्याकाळपर्यंत बॉर्डरच्या पार."

बॉर्डरच्या पार, शेजारच्या देशात काय असतं, हे तोपर्यंत आमच्यापर्यंत परिपत्रकातून आलं होतं. कंपाउंडात कोंडून ठेवतात आणि फोनवरून लोकांना फसवायच्या कामाला जुंपतात. नाही म्हटलं तर मारतात.

"अन् तू चार महिने गप्प बसलास?" माझा आवाज चढला.

तो मान खाली घालून म्हणाला, "माहाही फ्लेक्स लागला होता साहेब. स्टेशनवर हार घातले, बँड आणला. आठ दिवसांत कोणत्या तोंडानं सांगू, मले फसवलं म्हणून? लोक म्हणाले, गाडी लागली म्हणून वापस आला. हसले. मी हसू देलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडं लहानपणापासून शिकवतात. मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो, पण तो हक्क मला नव्हता. कारण दोन महिन्यांपूर्वी तालुक्यातल्याच एका गावची एक आई याच खुर्चीवर बसून गेली होती. मुलगा व्हिएतनामला गेला, फोनवर धड बोलत नाही, असं तिचं म्हणणं. त्या पोराचा फ्लेक्स मी येता-जाता पाहिला होता. मी तिला म्हणालो होतो, "नवी नोकरी आहे माय, वेळ नसंल. एवढा मोठा फ्लेक्स लागला अन् पेढे नाही आणले?" ती कसनुशी हसली आणि गेली. स्टेशन डायरीत मी एक ओळसुद्धा लिहिली नाही.

मेकॅनिकची फिर्याद नोंदवून गुन्हा दाखल केला. वरिष्ठांना कळवलं, त्यांनी वरून तिथल्या आपल्या वकिलातीला कळवलं. उत्तर आलं: माणूस पाठवतो, पण शहरातून विमानतळापर्यंत रहदारी फार, वेळेत पोचेल याची खात्री नाही, शक्य झालं तर बाईंना शहरात यायला सांगा. ताई तेव्हा आकाशात होती, फोन बंद. विमान आपल्या दीड वाजता उतरणार होतं, तिथले तीन. अकोला पोलिसांनी एजंटाला त्याच्या ऑफिसातून ताब्यात घेतलं. मी मेकॅनिकला घेऊन जीपनं अकोल्याला निघालो. सगळ्या काचा खाली, धुळीनं दोघांचीही तोंडं पांढरी.

बडनेरा ओलांडलं आणि माझं लक्ष परत त्याच्या मोबाईलवर गेलं. "तुझ्या फ्लेक्सचा फोटो आहे?" त्यानं दाखवला. तेच विमान, तीच अक्षरं. खाली बारीक अक्षरांत छपाईवाल्याचं नाव, पत्ता अकोल्याचा. ताईच्या फ्लेक्सवरही तोच. धामणगावचा आणि तिवश्याचा माणूस फ्लेक्स छापायला अमरावती सोडून अकोल्याला कशाला जाईल? मी अकोल्याच्या सहकाऱ्यांना फोन करून त्या छपाईवाल्याकडे माणूस पाठवायला सांगितलं.

एजंट चाळिशीचा, पांढरा शर्ट, बोलणं साखरेसारखं. "साहेब, मी तं लोकायचं भलं करून राहिलो. मी फक्त पत्ता देला. तिथं कोण घ्यायले येते, मले काय माहीत?" तासभर हेच. पाणी मागितलं, पाणी दिलं. देवाची शपथ घेतली, घेऊ दिली. अशा माणसावर ओरडून काही होत नसतं. तो ओरडा ऐकण्याची तयारी करूनच आलेला असतो.

सव्वा वाजता छपाईवाल्याकडे गेलेला हवालदार परत आला. त्याच्या हातात पाच फ्लेक्सचे नमुने होते. मी ते एकेक करून टेबलावर पसरले. त्यात मेकॅनिक होता, ताई होती आणि त्या आईचा मुलगाही होता.

"हे सगळे तू छापून घेतले. ज्यांना फक्त पत्ता दिला, त्यांचे फ्लेक्स तू पदरमोड करून कशाला लावतोस बाबा?"

त्यानं एकदा त्या हसऱ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग मवाळपणा गळून पडला आणि त्याचा खरा आवाज ऐकू आला. "चौकात फ्लेक्स लागला की माणूस वापस फिरत नायी साहेब. तिकडं कितीही मारलं तरी घरी सांगत नायी. आपल्या लोकायले लाज लै."

एवढी थंड गोष्ट मी खुन्याच्या तोंडूनही ऐकली नव्हती. मी फक्त म्हणालो, "फोन उघड." त्यानं उघडला.

दोनच्या सुमारास त्या फोनवर ताईचा मेसेज आला. विमानतळाच्या फुकट वायफायवरून पाठवला होता: 'भाऊ, उतरली. पाटीवाला कुठं भेटन?' मी लगेच कॉल लावला, ओळख सांगितली. तिनं फोन कट केला. दुसऱ्यांदा मेकॅनिक बोलला.

"ताई, मी बोलून राहिलो, मशीनवाला भाऊ. बाहेर जाऊ नको. सामानाच्या पट्ट्यापाशीच थांब."

"तू? तुले गाडी लागली म्हणून तू वापस आला, अन् आता माही नोकरी पाहून जळून राहिला?"

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "खरं असंल भाऊ. पण मी वापस कशी येऊ? माह्या मायनं चौकात आरती ओवाळली. फ्लेक्स लागला ना माहा. जे होईल ते होईल, मले जाऊ दे."

तपासात पुरावा आरोपीसमोर ठेवतात, हे मी आयुष्यभर शिकलो होतो. त्या दिवशी तो पीडितेसमोर ठेवावा लागला. मी आमच्या ठाण्यात फोन लावला. "चौकातला तो फ्लेक्स पंच बोलावून आत्ताच्या आत्ता उतरवा. मुद्देमाल आहे. तिच्या आईला जीपमध्ये घालून आणा अन् फोटो पाठवा."

ती बारा-पंधरा मिनिटं फार वाईट गेली. मेकॅनिक फोनवर तिला बोलतं ठेवत होता. डबा खाल्ला का, विमानात कान दुखले का, काहीबाही. मग फोटो आला. चौकात नुसते दोन बांबू उभे, आणि खाली तिची आई गुंडाळलेला फ्लेक्स कडेवरच्या लेकरासारखा धरून उभी. आईचा निरोपही आला होता. तो मीच वाचून दाखवला: 'चौक मोकळा झाला. तू ये.'

पलीकडून आधी रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "सांग भाऊ, कसं करू?"

पुढचं सगळं त्या माणसानं केलं, ज्याला लोक गाडी लागली म्हणून हसले होते. "आधी आतच काउंटरवरून सिम घे. बाहेर वायफाय तुटते."

"एजंटभाऊनं सांगतलं होतं, सिम घेऊ नको."

"म्हणूनच घे. थोडे डॉलर बदल. नोटेवर शून्यं लै राहतात, भेऊ नको. आता आपल्या मानसायची एखादी टूर दिसते का पाय."

"दिसते. म्हाताऱ्या मानसायची हाये."

"एखाद्या आजीची बॅग उचल, सुनेसारखी तिच्यासंगं बाहेर पड. पाटीवाला एकट्या बाईले पाहून राहिला असंल."

काचेचं दार उघडलं तसा फोनमधून गलका आला, हॉर्न, माणसांच्या हाका. ती कुजबुजली, "माह्या नावाची पाटी दिसली. फोटोही हाये त्याच्याजवळ." मेकॅनिकनं डोळे मिटले. "पाहू नको. आजीशी बोल. उजव्या हाताले चालत राय. टॅक्सीवाले हाका मारतीन, थांबू नको. बसचा थांबा येते." फोनमध्ये ती आजीला म्हणताना ऐकू आली, "हळू चाला माँजी, हळू." मग "ही घ्या तुमची बॅग" आणि पाठोपाठ बसचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"बस बंद हाये, एसीची. तू कसा बसला होता?" ती म्हणाली.

"मी दाराजवळ उभा राहिलो होतो. दर थांब्याले उघडते. आता घड्याळवाला मोठा बाजार येईपर्यंत उतरू नको. रस्त्यात स्कुटराच स्कुटरा दिसतीन, बाप्पा, मोजू नको."

विमानतळापासून त्या बाजारापर्यंत किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मेकॅनिक तिला खिडकीतून काय दिसतं ते विचारत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, "हां, बराबर." चार महिने कुणालाही न सांगितलेला तो रस्ता त्याला खांबासकट पाठ होता. मधल्या वेळात मी वकिलातीला तो बाजार कळवला होता; त्याच्या घड्याळाखाली त्यांचा माणूस तिला भेटला. चौथ्या दिवशी ती परत आली. स्टँडवर हार नव्हते, बँड नव्हता. तिची आई होती आणि मेकॅनिक होता.

एजंटाविरुद्ध दोषारोपपत्र गेलं. मेकॅनिकनं कोर्टात उभं राहून साक्ष दिली, बुटावर ओकल्याची गोष्टसुद्धा सगळ्यांसमोर सांगितली. कुणी हसलं नाही. त्या पाच फ्लेक्सवरची आणखी दोन माणसं मागाहून सुटून आली. त्या आईच्या मुलाचा मात्र पत्ता लागला नाही. मी निवृत्त झालो तेव्हा ते प्रकरण तसंच उघडं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्या आईच्या गावी गेलो. अंगणात गुरांच्या कुटाराचा, भुश्याचा ढीग होता आणि त्याच्यावर फ्लेक्स अंथरलेला, कोरी पांढरी बाजू वर. आपल्याकडे सगळेच फ्लेक्स शेवटी ढिगांवर पडतात. कोपरा वाऱ्यानं उलटला तेव्हा मला विमानाचं शेपूट दिसलं.

"उन्हानं पोराच्या तोंडाचा रंग उडते," ती म्हणाली. "म्हणून आतून केलं."

तिनं चहा दिला. नोकरीत असताना मी कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. म्हणालो, "माय, तू आली होती तेव्हा मी लिहून घ्यायला पाहिजे होतं. माझं चुकलं." या प्रकरणानं मला काय शिकवलं म्हणाल तर एवढंच: ठाण्यात आलेला माणूस अर्धंच बोलतो, उरलेलं त्याची लाज गिळून टाकते. ते अर्धं विचारून काढणं पोलिसाचं काम असतं. मी ते केलं नाही, वर पेढे मागितले.

ती कोपरा नीट करून त्यावर दगड ठेवत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "तुमाले काय बोलू साहेब? मीच जोर देऊन बोलली नायी. फ्लेक्स लागला होता ना त्याचा."