अण्णा आणि सात नंबरचा जलचर

आमच्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपले आपण चालत येतात. बरेचसे आडवे चालत येतात, कारण मी खेकड्यांवर पीएच.डी. करत होते आणि माझे वडील ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतात. एवढं सांगितलं की मैत्रिणी खुर्च्या जवळ ओढतात. "हं, आता अण्णांचं सांग!"

तर अण्णा. काशीत आमची पाचवी पिढी, घर मंगला गौरीच्या गल्लीत. मुंज, लग्न, श्राद्ध, सुतक, कशातही अडलं की अख्खा मोहल्ला अण्णांकडे येतो. अण्णांना "माहीत नाही" म्हणताना मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. फक्त एका प्रश्नाला ते गडबडायचे. "मुलगी काय करते?"

"पाण्यावर संशोधन करते. गंगेच्या."

'खेकडा' हा शब्द अण्णांनी कधी तोंडातून काढला नाही. अगदीच नाइलाज झाला तर "तुझे ते जलचर". मला राग यायचा. खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. एम.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी, आणि बापाने तिचा विषय चोरीच्या मालासारखा झाकून ठेवायचा!

*

या झाकाझाकीचा पहिला फटका मलाच बसला. शेजारच्या दामले काकू एक दिवस बाटली घेऊन आल्या.

"ए, जरा बघून दे ना. आठ वर्षं झाली गंगाजल भरून. अजून ठीक आहे ना?"

"काकू, माझं काम पाण्यावर..."

बैठकीतून अण्णा जोरात खाकरले. मी मुकाट्याने बाटली घेतली, चार दिवस कपाटात ठेवली आणि "एकदम उत्तम" म्हणून परत दिली. काकूंनी गल्लीभर सांगितलं, "आमचं गंगाजल युनिव्हर्सिटीतून पास होऊन आलंय!"

झालं! पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यात तांबे, कळशा आणि एक निळा प्लॅस्टिकचा कॅन. कॅन काकूंचाच, मागच्या अंगणात उघडा पडलेला. त्यात बारीक बारीक काहीतरी उड्या मारत होतं. मी भिंग आणलं आणि मला इतका आनंद झाला की राहवलं नाही.

"काकू, या पाण्यातल्या पिसवा! माझ्याच विषयातल्या आहेत. खेकड्याच्या लांबच्या बहिणी!"

काकूंनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "याच पाण्याने मी काल देव धुतले गं," म्हणाल्या. त्यानंतर आमच्या जिन्यात एकही तांब्या आला नाही.

*

खेकडे मला रामधनी आणून द्यायचा. हा आमच्या घाटावरचा मल्लाह, साठीचा, अण्णांना लांबून हात जोडणारा. पलीकडच्या काठाला, रामनगरच्या बाजूला, तळ्याच्या चिखलात बिळं असतात, तिथून पकडून आणायचा. मी पहिल्यांदा मागितले तेव्हा तो वल्हं सोडून माझ्याकडे बघतच राहिला.

"पंडितजी के घर में केकड़ा? बिटिया, केहू बीमार हौ का?"

तिकडे खेकड्याचा रस्सा खोकल्यावर देतात. मी म्हटलं, कोणी आजारी नाही, युनिव्हर्सिटीसाठी हवेत. त्याने मान डोलावली, पण विश्वास काही बसला नाही. त्याच्या मते पंडितजींना खोकला झालाय आणि पोरगी लपवतेय.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आला. मी झाकण काढलं. आत सहा खेकडे, नांग्या मोडलेले, पाय तोडलेले, हळद-मीठ लावलेले.

"जिंदा चाही रहल, काका!" मी जवळजवळ रडलेच.

"अरे बिटिया, तोहरे हाथ से कहाँ कटत? हम साफ कइके ले आए!"

आणि डबा माझ्या हातात देऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "पंडितजी से मत कहना, दवाई बोलके पिला देना."

*

माझे गाइड घोष सर. बंगाली. त्यांचं काम गंगेतल्या मोठ्या कोळंबीवर, जिच्या निळ्या नांग्या तिच्या अंगापेक्षाही लांब असतात. सर तिच्याबद्दल वर्गात बोलायला लागले की डोळे मिटायचे. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर चिंतन करतायत.

एकदा दुपारी लाइट गेली, टाकीतला हवेचा पंप बंद पडला आणि आठ कोळंब्या गेल्या. सरांना फार वाईट वाटलं. आम्हालाही. मी म्हटलं, "सर, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून देऊ?"

"नहीं नहीं," सर घाईघाईने म्हणाले, "मैं देखता हूँ."

तासाभराने कॉरिडॉरमध्ये मोहरीच्या तेलाचा असा काही वास सुटला की बॉटनीवाले डोकावून गेले. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. 'नमुन्यांचं काय केलं' या रकान्यात सरांच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता. 'अंतर्गत.'

*

टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. आमच्या गल्लीतल्या गणपती उत्सवात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "आपण मराठी माणसं अशी आहोत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःला शिव्या बसल्या की आपण फार मनापासून टाळ्या वाजवतो.

मला राहवेना. मी उभी राहिले.

"सर, मी हे करून बघितलंय. बादलीत सात खेकडे ठेवले, झाकण काढलं आणि जेवायला गेले. परत आले तर बादली रिकामी. एकमेकांच्या पाठीवर चढून सातही गेले. एक तर आमच्या डिपार्टमेंटच्या हेडसरांच्या खुर्चीखाली सापडला."

मांडवात हशा पिकला. पाहुणे मुरलेले होते. शांतपणे म्हणाले, "मग ते मराठी नसणार. बनारसी असतील!"

त्यावर तर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मीही हसले. पण पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. ते हसत नव्हते, हातातल्या उपरण्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पाण्यावर काम करतेस ना? मग पाण्याबद्दल बोलावं."

मी त्या रात्री जेवले नाही. आईने दोनदा हाक मारली आणि मग ताट झाकून ठेवलं.

*

आता सात नंबर.

माझा विषय होता खेकडे कात कशी टाकतात हा. खेकड्याचं कवच वाढत नाही, आतला खेकडा वाढतो. मग जुनं कवच मागून उसवतं आणि तो मागच्या मागे बाहेर पडतो, मऊ, लोण्यासारखा. सात नंबरच्या खेकड्याच्या दोन काती मी नोंदवल्या होत्या. तिसरी मिळाली की माझा प्रबंध पुरा. तो नेमका कात टाकायला आलेला आणि लॅबमध्ये वायरिंगचं काम निघालं. पंधरा दिवस, म्हणजे महिना धरायचा.

मी सात नंबरला टबात घालून घरी आणलं.

आई म्हणाली, "स्वयंपाकघराच्या दिशेला सुद्धा नको." अण्णा उठून संध्येला बसले. टब मागच्या गच्चीवर गेला. आत थोडं पाणी, वाळू आणि लपायला कौलाचा तुकडा.

तिसऱ्या दिवशी मला टबात भाताची शितं दिसली.

"आई, तू घातलास भात?"

"मी? मी त्या बाजूला फिरकत पण नाही!"

अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "चित्राहुतीची शितं कावळ्याला ठेवतो रोज. हल्ली कावळा येत नाही."

कावळा कठड्यावरच बसला होता आणि अण्णांकडे अतिशय रागाने बघत होता.

*

एक दिवस मी युनिव्हर्सिटीतून घरी आले तर अण्णा भर दुपारी ओल्या धोतराने बैठकीत बसलेले. आई दारात. मला वाटलं, गावाकडची काही बातमी आली.

"गेला तो," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"दोन दिवस भात खात नव्हता. आज बघितलं तर हालचाल नाही. काडीने हलवलं, काही नाही. पंचगंगा घाटावर नेला. तिलांजली दिली, प्रवाहात सोडला, स्नान करून आलो." मग म्हणाले, "तुझं नुकसान झालं, मला समजतं. पण तसाच केरात टाकायचा तो? अन्न घेतलं होतं त्याने आपल्या हातचं."

मी गच्चीवर धावले. तीन वर्षांचं काम! कौलाचा तुकडा उचलला. खाली सात नंबर बसला होता. फिकट, मऊ, आधीपेक्षा बोटभर मोठा, आणि पूर्ण जिवंत.

अण्णांनी गंगेत सोडली होती ती कात. डोळे, मिशा, पाय, नांग्या, सगळं जिथल्या तिथे असतं तिच्यावर. फसणारे अण्णा काही पहिले नाहीत, मी स्वतः पहिल्यांदा बघितली तेव्हा रडले होते.

अण्णा मागून येऊन टबाशी उभे राहिले. वाकून आत बघितलं. मग हळूच म्हणाले,

"काशीत गेला आणि परत आला?"

आमच्याकडे काशीत मेलेला परत येत नाही. त्याचसाठी तर देशभरातून माणसं इथे मरायला येतात. अण्णांच्या उभ्या आयुष्यात ही पहिलीच केस!

*

मी घोष सरांना फोन लावला. कात गेली म्हणजे तिचं वजन गेलं, पण फोटो आणि सात नंबरची नवी मापं चालतील, म्हणाले. पण खेकडा आपली कात खातो, त्यातलं कॅल्शियम नव्या कवचाला लागतं. "अंडे का छिलका दे दो, पीसके."

"घरात अंडं?" आईने कानावर हात ठेवले. मग आत गेली आणि आपल्या गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. "यात कॅल्शियमच असतं ना? डॉक्टर तेच म्हणाले." गोळ्या तिने स्वतः कुटल्या. ज्या बाजूला ती फिरकत पण नव्हती, त्या बाजूला दिवसातून दोनदा जायला लागली.

अण्णा मात्र पोथी काढून बसले होते. संध्याकाळी निर्णय सांगितला.

"जिवंत असताना ज्याचं उत्तरकार्य झालं आणि जो परत आला, त्याचा तो नवा जन्म. सगळे संस्कार पहिल्यापासून."

"अहो, म्हणजे मुंज पण करणार का याची?" आई म्हणाली.

"आधी बारसं. मुंजीचं पुढे बघू."

"अण्णा, पण तो..." मी म्हटलं.

"तिलांजली मी दिली आहे. माझ्या हातून अर्धवट काम व्हायचं नाही. केव्हा बाहेर आला हा?"

कवचाच्या मऊपणावरून मी म्हटलं, सकाळी दहा ते बाराच्या मध्ये. अण्णांनी पंचांग उघडलं. "रेवती. च अक्षर. चिंतामणी ठेवू. रास मीन."

"कर्क नाही?" आईने विचारलं.

"रास ज्याची त्याने निवडायची नसते."

*

बाराव्या दिवशी बारसं झालं. सात नंबर तोवर टणक झाला होता आणि टबाच्या कडेवर नांगी आपटत होता. आईने घुगऱ्या केल्या. अण्णा घरोघर जाऊन "संध्याकाळी बारसं आहे, यावं" एवढंच सांगून आले होते. "कोणाचं?" विचारलं की म्हणायचे, "आल्यावर कळेल." त्यामुळे झाडून सगळे आले. पाठशाळेतले दोन गुरुजी आले, गणपती मंडळाचे सेक्रेटरी आले, रामधनी पायरीवर बसला. दामले काकू बाळासाठी झबलं घेऊन आल्या आणि पाळण्यात टब बघून तसंच झबलं घेऊन उभ्या राहिल्या.

मी दारामागे. आता अण्णा काय सांगणार? पाण्यातून मिळाला? प्रसाद म्हणून आला?

अण्णा सरळ पाळण्यापाशी गेले. त्यांनी संकल्प सोडला, अक्षता टाकल्या. "आत्या कोण?" म्हणून विचारलं. काकू शेवटी काकूच! झबलं माझ्या आईकडे देऊन पुढे झाल्या. "मी होते. नाव काय?" अण्णांनी नाव सांगितलं. काकू पाळण्यावर वाकल्या, मागे बायका पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार.

काकू वाकल्या त्या तशाच राहिल्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सात नंबरने नांगी उघडली, काकूंनी नाक मागे घेतलं.

"अहो अण्णा, कुर्र कुठे करू? याचा कान कुठे असतो?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पोथीत पाहिलं, मग टबात पाहिलं. मग उपरणं सारखं केलं, दारापर्यंत आले, माझा हात धरून मला पाळण्यापाशी नेलं आणि पाठशाळेत संथा देतात त्या आवाजात म्हणाले,

"मला काय माहीत? हिला विचारा. खेकड्यांवर पीएच.डी. करते आमची मुलगी!"