काठमांडूची भाऊबीज
मला सख्खा भाऊ नाही. त्यामुळे इकडे परदेशी, जॉन्सनव्हिलला आल्यापासून माझी भाऊबीज शेजारणीकडे. ती काठमांडूची. तिचा धाकटा भाऊ तिकडे पोलिसात आहे. दरवर्षी ती फोनच्या काचेलाच टिळा लावते आणि मी चकल्यांचा डबा घेऊन शेजारी बसते, फुकटची करवली.

ओळख नवी होती तेव्हा मी म्हणाले होते, "तुमचं काय बाई, हिमालय, देवळं, शांत माणसं." आमचं तोंड कुठे गप्प बसतं! ती हसली आणि चहा ओतता ओतता तिचे वडील काय सांगायचे ते बोलली. त्यांच्या शहरात जुन्या काळी राजवाड्याजवळच्या एका चौकात दरबारातल्या माणसांची कत्तल झाली, आणि ती करणाऱ्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या सत्तेवर बसलं. त्याच चौकात दसऱ्याला सैनिक रेडे कापतात. पुढे जनतेचं नाव घेऊन बंडखोर आले, तेही बंदुका घेऊनच. वडील म्हणायचे, आमच्याकडे रक्त सांडल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही. मला ते म्हाताऱ्या माणसाचं कडवट बोलणं वाटलं होतं.

यंदा दिवाळीच्या आधी तिथली पोरं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली. काही तर शाळेच्या गणवेशात. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शेजारणीचा मुलगा इथेच जन्मलेला, त्या पोरांच्याच वयाचा. नेपाळी सगळं समजतं, बोलतो इंग्लिशमध्ये. त्याने व्हिडिओ पाहिले आणि भिंतीवरचा मामाचा फोटो काढून ठेवला. "मामा शॉट किड्स, मम." मामाने खरंच गोळी झाडली का, हे तिलाही माहीत नव्हतं. विचारलं तर भाऊ जाईल, नाही विचारलं तर मुलगा, अशी तिची गत झाली. मला भयंकर राग येत होता, पण काढणार कुणावर?

त्यांच्यात टिळ्याआधी बहीण उंबऱ्यावर अक्रोड ठेवून दगडाने फोडते. भावाच्या वैऱ्याचं डोकं म्हणून. दरवर्षी हसतखेळत व्हायचं ते. यंदा तिने दगड उचलला आणि हात तसाच राहिला. मुलगा आतल्या दारात उभा होता. फोनमध्ये भाऊ ताटकळत होता, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"फोड गं, मुहूर्त टळेल," मी बावळटासारखं म्हणाले.

"वैरी कोण ते त्याला सांगू दे, दिदी." मग तिने फोनकडे पाहून विचारलं, "तू झाडलीस?"

तो म्हणाला, "वरून ऑर्डर होती."

तिने दगड खाली ठेवला. रडत रडत काचेला टिळा लावला, त्याला उदंड आयुष्य मागितलं. माझाही बांध फुटला.

"अक्रोड राहिला, दिदी," भाऊ हळूच म्हणाला.

"राहू दे. डोकी आधीच फुटलीत."

त्याने फोन ठेवला नाही, हिनेही ठेवला नाही. आतल्या खोलीचं दार मात्र लागलं.