माझा चुकलेला ठोका, त्याचं कौतुक

मंडळी, आज सकाळपासून नुसता जळफळाट चाललाय.

आमच्या मेटल बँडचा अल्बम आला. 'आमच्या' हे सवयीनं म्हणालो. कंपनीतल्या शिफ्टमुळं माझी प्रॅक्टिस बुडायची, म्हणून त्यांनी पुण्याचा नवा ड्रमर घेतला.

डेमोवर मात्र मीच वाजवलंय, तळेगाव ढमढेरेत, आमच्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत. ऐन गाण्यात समोरचा, मोटारीच्या लायनीवर जोडलेला बल्ब लागला, म्हंजी शेताची लाईट आली. फ्लॉवरला पाणी लावायचंय हे आठवलं आन् माझा एक ठोका चुकला.

नव्या गड्यानं ती चूकसुद्धा जशीच्या तशी वाजवलीय! वर लोकांच्या कमेंटा: "तो थांबा! काय डोकं लावलंय ड्रमरनं!"

भांडायलाच गिटारवाल्या पक्याला फोन लावला. तो म्हणाला, "डेमो ऐकूनच शिकला तो. तो थांबा काढून टाकू म्हणलं, तर म्हणतो न्हाई, हा ज्याला सुचला त्याला भेटायचंय. रविवारी आणतो त्याला चाळीत."

आता तुम्हीच सांगा, त्याला खरं सांगू का?

तुमची उत्तरं येईपर्यंत तो बल्ब काढून ठेवलाय.