पुडी विचारली का?

आधीच सांगते, भूतखेत, उतारा, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. सत्तावीस वर्षं नर्स होते. इतकी माणसं डोळ्यांसमोर गेली, कुणी परत येऊन हाक मारली नाही. तरी हे लिहिते आहे, कारण माझ्याच कानांना खोटं कसं म्हणू?

कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना लागणाऱ्या एका गावातलं छोटं सरकारी रुग्णालय. मी मूळची साताऱ्याची, तिथे रुजू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. इंजेक्शनची खोली म्हणजे एक टेबल, एक बाक आणि समोर दार. माझ्या पाठीशी औषधांचं लोखंडी कपाट, भिंतीला चिकटून. मागे मांजर उभं राहील एवढीही जागा नव्हती.

दुखण्याचं इंजेक्शन लोकांना साधं वाटतं. मला कधीच वाटलं नाही. अल्सर होता का, दमा आहे का, किडनीचा त्रास, जेवलात का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का — हे विचारल्याशिवाय मी सुई टोचत नसे. डॉक्टरसाहेब चिडवायचे, "सिस्टर, इंजेक्शन देताय की सोयरीक जुळवताय?" चिडवू देत. मला माझ्या प्रश्नांचा अभिमान होता.

बाजाराचा दिवस, दुपारचे सव्वादोन. हमीदाबी कंबर धरून आल्या. चाळिशीच्या, गाद्या-रजया शिवणाऱ्या. चेहरा जरा पांढुरका. चिठ्ठीवर डायक्लोफेनॅकचं, म्हणजे दुखण्याचंच इंजेक्शन.

मी सगळं विचारलं. दमा नाही, अल्सर ठाऊक नाही, जेवण झालेलं.

"आणि दुखण्यावर गोळी वगैरे घेतलीत?"

"नाही बाई. मी दवाईच्या वाटेलेच जात नाही."

मी इंजेक्शन भरलं. कापूस लावला. आणि अगदी कानाशी, मागून, एका म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज आला — "पुडीचं इचार न तिले."

मी गर्रकन वळले. कपाट. दुसरं काही नाही.

माझ्या मुलखात पुडी म्हणजे फुटाण्याची नाहीतर तंबाखूची. इथे ती विचारून काय करायचं, मला कळेना. तरी हात थांबला होता. विचारलं, "हमीदाबी, पुडी घेता का?"

"पुडी तं रोजच घेतो," त्या सहज म्हणाल्या. "किराण्यातून. सकायी एक, दुपारी एक, लयच दुखलं तं रात्री दोन. ते काय दवाई हाये?"

त्यांनी कमरेची पिशवी उघडून दाखवली. अंगदुखीची पावडर. मागे बारीक अक्षरात ॲस्पिरिन लिहिलेलं, माझ्या इंजेक्शनसारखंच पोटाला जखम करणारं. मी भरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"शौचाला काळं होतं का?"

"डांबरावानी. पंधरा रोज झाले. मले वाटलं, पुडीची गरमी असन."

बीपी घेतलं, खाली गेलेलं. नाडी धावत होती. मी तशीच डॉक्टरसाहेबांकडे गेले. तासाभरात हमीदाबी ॲम्ब्युलन्सने अकोल्याला निघाल्या. पोटात जखम, रक्त झिरपत होतं. त्यात माझं इंजेक्शन पडलं असतं तर... नको. डॉक्टरसाहेबांनी त्यानंतर सोयरिकीचा विनोद केला नाही.

दीड महिन्याने हमीदाबी आल्या, हातात नवी उशी. "बाई, तुमाले पुडीचं कोनं सांगतलं?"

मी घडलं तसं सांगितलं. आवाज कसा होता तेही. त्यांनी उशी बाकावर ठेवली.

"घोगरा? माझी सासूच ते. तिले बी पुडीचीच सवय होती. रक्ताच्या उलट्या होऊन गेली. आमाले वाटलं, कोनाची नजर लागली."

मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. थकलेल्या मेंदूचा खेळ म्हणावं, तर मेंदूला पुडीचा तो अर्थच ठाऊक नव्हता. बाहेरून कुणी बोललं म्हणावं, तर दार समोर होतं आणि आवाज मागून.

निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक पोरीला मी गोळीच्या पुढचा प्रश्न पाठ करायला लावला — "पुडी घेता का?" परवा त्यातली एक भेटली. म्हणाली, "मॅडम, मागच्या आठवड्यात तुमच्या पुडीने एक म्हातारा वाचला."

माझी पुडी नाही, मी म्हणणार होते. पण त्याऐवजी तिची पाठ थोपटली. आवाज कोणाचा होता ते देव जाणे. सुई खाली ठेवणारा हात मात्र माझा होता.