शालूबाईंनी स्वतः सांगितलेला भाव

शालूबाईंनी इंग्रजी शिकायला घेतलं ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि गावाने त्यावर मनसोक्त हसून घेतलं. डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायका विचारत, "काय मॅडम, आज कुठला धडा?" शालूबाई किटली रिकामी करत, मापाची चिठ्ठी घेत आणि मंगळवारी-शुक्रवारी न चुकता दुपारच्या एस.टी.ने सांगलीला ज्ञानदाताईंच्या वर्गाला जात.

त्यांचे यजमान नाथाजी फौजेत होते. त्यांच्याबरोबर अकरा वर्षं छावणीत काढताना दवाखान्यात असो की कँटीनमध्ये, प्रत्येक वेळी इंग्रजी येणाऱ्या शेजारणीचं तोंड उसनं घ्यावं लागे. शेजारीण दहा वाक्यांचं गाऱ्हाणं दोन शब्दांत उरकायची. ते शालूबाई कधी विसरल्या नाहीत.

नाथाजी वारल्यावर त्यांच्या वाटणीची दोन एकर हळद शालूबाईच बघत. धाकटे दीर तात्या यांना तिथं ऊस हवा होता. यंदा त्यांनी शेवटचं सांगून टाकलं, "वैनी, ह्या वक्ताला माल धड गेला न्हाई तर पुढच्या साली ऊस. मी बघतो सगळं. तुमी आराम करा." आराम करा म्हणजे काय, ते शालूबाईंना चांगलं कळत होतं. आपल्याच वावरात पाहुणी व्हायचं.

आणि नेमकं याच वर्षी त्यांनी भलतंच केलं. शिजवून वाळवलेली हळद सगळे जण ड्रममध्ये फिरवून, वर थोडा रंग मारून पिवळीधमक करतात. शालूबाईंनी ड्रम लावलाच नाही. परदेशी व्यापारी बिनरंगाचा, बिनपॉलिशचा माल मागतात, असं त्यांनी मोबाईलवर इंग्रजीत वाचलं होतं. एक पान वाचायला त्यांना तीन दिवस लागले, शब्दकोश शेजारी ठेवून. मातकट हळकुंडं बघून तात्यांनी कपाळावर हात मारला.

मार्चमध्ये हॉलंडच्या एक बाई सांगलीत माल बघायला आल्या. घराण्याचा माल दोन पिढ्या ज्या अडत्याकडे जायचा, त्याच्या मुलाने, दिग्विजयने, त्यांना गोदामात आणलं. सात-आठ शेतकऱ्यांचे नमुने सुपांतून मांडले होते. दिग्विजय पुढे होऊन एकेकाबद्दल इंग्रजीत सांगत होता. शालूबाईंचं सूप शेवटी, भिंतीकडे सरकवलेलं. हॉलंडच्या बाई तिथंच थबकल्या आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

"ओल्ड स्टॉक," दिग्विजय म्हणाला. "लास्ट इयर. नॉट गुड." मग तो मराठीत वळून शालूबाईंना म्हणाला, "काकू, बाईंना रंग पसंत न्हाई."

शालूबाईंना दोन्ही वाक्यं कळली होती. तात्या शेजारीच उभे होते. त्यांना दुसरं वाक्य तेवढं कळलं होतं आणि त्यांनी मान डोलावलीही. शालूबाई सुपापाशी गेल्या.

"नो मॅडम," त्या म्हणाल्या. "ही टेल राँग. नॉट ओल्ड. आय बॉइल धिस फेब्रुवारी. नो पॉलिश, नो कलर. यू ब्रेक. यू सी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "काकूंची विंग्रजी लय भारी."

"हसा," शालूबाई वळूनही न बघता म्हणाल्या. "बाईंना समजलं की न्हाई, तेवढं बघा."

बाईंनी हळकुंड मोडलं. कट्‌कन आवाज झाला. आत शेंदरी गाभा, आणि वास असा की पुढचे दोघे आपसूक जवळ सरकले. बाईंनी आणखी दोन मोडली. मग त्यांनी दिग्विजयकडे पाठ केली आणि शालूबाईंना सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारायला सुरुवात केली: किती माल आहे, पाणी कुठलं, औषध कोणतं मारलं. शालूबाई अडखळल्या, दोनदा चुकल्या, एकदा तर हातवारे केले. पण उत्तर प्रत्येक प्रश्नाचं दिलं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

भावाची वेळ आली तेव्हा दिग्विजयने खिशातून रुमाल काढला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत बाजारात आता फारशी उरली नाही, पण त्याच्या घराण्याने ती सोडली नव्हती. बाईमाणसाने तिथं हात घालायचा नसतो, म्हणून त्याने रुमाल तात्यांपुढे धरला. "चला तात्या, मग मी मॅडमना सांगतो." तात्यांनी हात पुढे केलाही.

"तात्या, हात मागं घ्या," शालूबाई म्हणाल्या. "माल माझा हाय. भाव मी सांगते, आन् मोठ्यानं सांगते."

आणि त्यांनी तो इंग्रजीत सांगितला, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असा. बाईंनी थोडा कमी मागितला. शालूबाईंनी मान हलवली. "नो मॅडम. सेम रेट." बाई हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. तो शालूबाईंनी सगळ्यांदेखत हातात घेतला.

दिग्विजय पुटपुटला, "आधी मला इचारायचं की, काकू."

"बाईंनी तुला इचारलं तवा काय सांगितलंस, ते आत्ता ऐकलं की मी."

 परतीच्या गाडीतून गाव दिसायला लागलं तेव्हा तात्यांनी अंग चोरून विचारलं, हळदीच्या बेण्याचं काय करायचं.

"अक्षय तृतीयेला लावायचं," शालूबाई म्हणाल्या. "दोन्ही एकरांत. आन् तात्या, शुक्रवारी मला येळ न्हाई. वर्ग हाय."